वच्छलाची रोजी

मार्च लागला की वसमतच्या बाहेरच्या शेतांतून हळद शिजवल्याचा वास यायला लागतो. हळद शिजवायच्या पूर्वीच्या मोठ्या काहिली आता राहिल्या नाहीत. ट्रॅक्टरमागून लोखंडी बॉयलर येतात आणि बघता बघता रानातली हळद शिजवून मोकळे होतात. वास मात्र तोच आहे. ओल्या मातीचा, उकडलेल्या पानाचा, थोडा कडवट, घशात बसणारा. परवा सून म्हणाली, "आई, लग्नघरासारखा वास येतोय ना?" मी हो म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

मला त्या वासानं थकवा येतो. मनाला नाही, अंगालाच येतो. खांदे भरून येतात, डोळ्यांवर झापड येते. जिला मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, घेऊन जाण्यासाठी मी तो एक उन्हाळा चालले, ती वच्छला आता नाही. काही वर्षांपूर्वी गेली, झोपेतच गेली. पण अंगाला ते कुठं माहीत आहे? हळद शिजली की अंग पदर खोचून तयार.

माझं माहेर सेनगावकडचं साखरा. लग्न होऊन वसमतला आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, आमची सगळी सरकारी कामं परभणीला. आमचे हे एसटीत कंडक्टर, आठवड्यातले निम्मे दिवस मुक्कामी गाडीवर. घरात सासूबाई आणि नणंद. सासूबाईंचा एक डोळा दुष्काळी कामावर खडी फोडताना कपची लागून गेला होता आणि दुसऱ्यालाही अंधुक दिसू लागलं होतं. नणंद म्हणजे वच्छला. माझ्याच वयाची, विशी ओलांडलेली, उंच, अंगानं भरलेली, केस चापूनचोपून बांधलेली. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "जेवलात का वन्सं?" ती माझ्या खांद्यापलीकडं बघत म्हणाली, "जेवलात का वन्सं." मला वाटलं, थट्टा करते आहे. मी हसले. ती हसली नाही.

सासूबाईंनी त्या दिवशी चुलीपाशी बसून सांगितलं, "बहिरी न्हाई, मुकी न्हाई. तिला समजतंय सारं. निस्तं तिचं तिला बोलता येत न्हाई. दुसऱ्याचंच बोलणं वापरती." वच्छलाची ताटली ठरलेली, बसायचा कोपरा ठरलेला, पाण्याला जायची वाट ठरलेली. पितळी हंडा फरशीवर आपटला की ती दोन्ही कान दाबून खाली बसायची आणि बराच वेळ झुलत राहायची. वस्तीतले लोक येडी म्हणायचे. कोणी म्हणायचं, बाहेरचं आहे. नांदेडच्या डॉक्टरनं 'मंद' असं सांगून शक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या.

ह्यांचे चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सेनगावच्या बाजूला राहायचे. माझी पोरगी पाच-सहा महिन्यांची असेल, तेव्हा ते एक स्थळ घेऊन आले. बायको वारलेला माणूस, पदरी तीन लेकरं.

"वहिनी, तू हाईस तवर ठीक," ते सासूबाईंना म्हणाले. "तुझ्या माघारी ही कोणाच्या गळ्यात? या सुनेच्या? त्याला भाकरी करायला माणूस पायजे, हिला घर पायजे. दोघांचंबी भागतंय."

सासूबाई म्हणाल्या, "येवढी हळद जाऊ द्या."

"हळदीचा काय संबंध?"

"दुष्काळात तिनं माझ्यासंग खडी फोडली. बसून करायचं काम दिलं तर करती ती. तिची भाकर तिनं कमवली तर मंग कोणाच्या गळ्यात पडायचा सवालच न्हाई."

आबांनी हे ऐकून मान हलवली आणि अक्षयतृतीयेनंतर पुन्हा येतो म्हणाले. तिला मोंढ्यात घेऊन कोण जाणार, हे कोणी विचारलंच नाही. तिला सांभाळून न्यायला घरात धड डोळ्यांची मी एकटीच होते.

तेव्हाचा मोंढा माझ्या डोळ्यांसमोर पिवळाच येतो. बैलगाड्यांची रांग, पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या उघड्या पाठींवर चिकटलेली पिवळी धूळ. अडत दुकानांच्या मागं पत्र्याची गोदामं, आणि त्यात खाली बसून हळद निवडणाऱ्या बाया. पहिल्या दुकानात मुनीम म्हणाला, येडी बाई माल खराब करंल. दुसऱ्यात जागा नव्हती, पण आम्ही बाहेर पडताना दोन बायांना हाक मारून आत घेतलं. तिसऱ्या दुकानाचा मालक जरा बरा वाटला. त्यानं वच्छलालाच विचारलं, "नाव काय तुझं?" वच्छला म्हणाली, "नाव काय तुझं." तो हसला, मुनीम हसला, बाहेर तंबाखू मळत बसलेले हमालही हसले. आम्ही परत फिरलो. ऊन डोक्यावर आलं होतं. घरी पोरगी भुकेली असणार, दुधानं माझी चोळी भिजली होती.

असे काही दिवस गेले. मग मोंढ्याच्या टोकाच्या एका गोदामात हमीदाआपा भेटल्या. त्या तिथल्या बायांच्या मुकादम. जाड अंगाच्या, तोंडात पान, आवाज पत्रा वाजल्यासारखा.

"हिला काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काही होत न्हाई, आपा. आवाजाला भिती. आन् कमी बोलती."

"कमी बोलती? मंग तर लई बराबर. या बायांची तोंडं बंद करून करून मी थकले." त्यांनी वच्छलाकडं नीट पाहिलं. "पहिला हप्ताभर तू तिच्याजवळ बसायचं. माल इकडचा तिकडं झाला तर जिम्मा तुझा."

काम सोपं होतं, म्हणजे आपल्याला सोपं. वाळलेल्या हळदीच्या ढिगातून लांब हळकुंडं एका टोपल्यात, गोल गड्डे दुसऱ्यात, आणि तुटका माल तिसऱ्यात. मी सांगायला लागले, "वन्सं, हे इकडं टाका, हे तिकडं." ती म्हणायची, "इकडं टाका, तिकडं," आणि हात मांडीवर तसेच. मी पुन्हा सांगायची, आवाज चढवून सांगायची. ती झुलायला लागायची. सकाळ अशीच गेली. शेवटी बोलून बोलून माझा घसा सुकला आणि मी गप्प बसले. गप्प बसून माझं माझं काम करू लागले. थोड्या वेळानं पाहिलं तर ती माझ्या हातांकडं बघत होती. तोंडाकडं नाही, हातांकडं. मी प्रत्येक टोपल्यात नमुन्याला एकेक तुकडा ठेवून तिची टोपली तिच्यापुढं सरकवली. तिनं एक हळकुंड उचललं, नमुन्याच्या हळकुंडाशेजारी ठेवलं. मग दुसरं.

संध्याकाळी आपांनी टोपल्यांत हात घालून पाहिलं. "थोडी सावकाश हाय," म्हणाल्या. "पण चालंल."

मला वाटलं, झालं. लोकांनाही असंच वाटतं, काम मिळालं म्हणजे झालं. खरी पायपीट त्यानंतरच सुरू होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पॉलिशचा ड्रम सुरू झाला. लोखंडी पिंपात हळद भरून दोन माणसं ते हातानं फिरवायची. घासून घासून वरची साल निघायची, आणि आवाज असा की शेजारचीचं बोलणं ऐकू येऊ नये. वच्छला किंचाळली. टोपली उलटी झाली, बाया बाजूला झाल्या, आणि ती धावत बाहेर गेली. मी मागं. ती सापडली एका गाडीखाली, बैलांच्या पायांशी, कान दाबून बसलेली. मीही तिच्याजवळ गाडीखाली बसले. किती वेळ ते आठवत नाही. गाडीवाला येऊन म्हणाला, "बाई, बैल जुपायचेत." तरी आम्हाला उठवेना.

दुसऱ्या दिवशी ती गोदामाच्या दारातच थांबली. आत यायला तयार नाही. आपांनी येऊन पाहिलं आणि तिची जागा बदलली. भिंतीशी, पोत्यांच्या थप्पीमागं, जिथं आवाज थोडा अडायचा. मी जिनिंगवरून सरकी काढलेला कापूस आणून तिच्या कानांत घातला. पण खरा उपाय आपांनाच सुचला. ड्रम फिरवायच्या आधी त्या स्वतः थप्पीमागं येऊन सांगायच्या, "वच्छला, आता ड्रम."

"आता ड्रम," वच्छला म्हणायची, कान दाबायची, डोळे मिटायची. आवाज थांबला की कामाला लागायची. आवाज तोच होता. पण आता तो सांगून येत होता.

हे सगळं लिहिताना सुरळीत वाटतं. तेव्हा तसं काही नव्हतं. पहाटे उठून भाकऱ्या, पाणी, पोरीला पाजून सासूबाईंच्या मांडीवर ठेवायचं, वच्छलाला तिच्याच वाटेनं न्यायचं, कारण जवळच्या वाटेनं ती येत नसे. दुपारी पोरीला पाजायला धावत घरी, पुन्हा धावत मोंढ्यात. संध्याकाळी नळावर रांग. माझ्या पायांच्या भेगांत हळद भरली होती, पोरगीही दूध पिताना हळदीचा वास येऊन तोंड फिरवायची. हे मुक्कामाहून आले की विचारायचे, "कसं चाललंय?" मी म्हणायची, "चाललंय." त्यापुढं बोलायचं त्राण नसायचं.

आणि मग एका दुपारी, मी पोरीला पाजायला घरी गेलेली असताना, ते घडलं. गोदामात नवा माल आला होता. लक्ष्मण नावाचा हमाल पाठीवर पोतं घेऊन थप्पीमागं आला आणि वच्छलाला म्हणाला, सरक. ती "सरक" म्हणाली आणि बसून राहिली. पाठीवर क्विंटलभर ओझं. त्यानं तिचा दंड धरून ओढलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. पोतं खाली पडलं, फुटलं. मी पोचले तेव्हा लक्ष्मणच्या हाताला फडकं बांधलेलं होतं आणि मालक ओरडत होता.

"उद्यापासून हिला आणू नका. आज हमालाला चावली, उद्या गिऱ्हाइकाला चावंल!"

मला खरं तर तिथंच आडवं व्हावंसं वाटत होतं. मी वच्छलाचा हात धरला. तेवढ्यात लक्ष्मणच पुढं आला.

"मालक, म्या हात धरला तिचा," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? बाईमाणसाचा हात धरला. कोणतीबी बाई चावली असती. माझी बायको असती तर तिनं वर पायताणबी मारलं असतं."

बाया हसल्या. मालकालाही तोंड वळवून हसावं लागलं. आपांनी तो क्षण बरोबर पकडला. "माल उतरायच्या आधी मला सांगत जावा," त्या हमालांना म्हणाल्या. "मी तिला सांगून उठवते. तुमी हात लावायचा न्हाई."

त्या आठवड्याच्या शेवटी रोजी वाटताना मुनीम वच्छलाचे पैसे माझ्याकडं देऊ लागला. आपांनी त्याचा हात मध्येच अडवला. "काम तिनं केलं. पैसे तिच्या हातात दे." वच्छलानं नोटा घेतल्या, वास घेतला आणि मूठ मिटली. घरी जाऊन ती मूठ सासूबाईंच्या ओंजळीत उघडली. सासूबाई त्या नोटा डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. त्यांना काही दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं.

अक्षयतृतीया झाली आणि आबा आले. सोबत तो बिजवर. बाजाराचा दिवस, निवडणीला सुटी, वच्छला तिच्या कोपऱ्यात बसलेली. माणूस वाईट नव्हता. धोतर स्वच्छ धुतलेलं, चेहरा रापलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. चहा पिताना त्यानं विचारलं, "मोंढ्यात बराबर काम करती म्हणं?"

"करती तर!" आबा म्हणाले. "रोजी आणती."

"मंग तर चांगलंच हाय. आमच्याकडंबी निंदाखुरपायची कामं हायत."

सासूबाईंचा चेहरा उतरला. माझाही. जी रोजी दाखवून तिला घरात ठेवायचं होतं, त्याच रोजीनं तिची मागणी वाढली होती. सबंध उन्हाळा डोक्यावर घेतला तो कशासाठी?

तो माणूस वच्छलापुढं उकिडवा बसला आणि जरा लाजत म्हणाला, "येती का माझ्या घरी?"

"येती का माझ्या घरी," वच्छला म्हणाली.

"झालं!" आबांनी मांडीवर थाप मारली. "तिच्या तोंडानं बोलली! आता कोणी काही म्हणायचं काम न्हाई."

चुलतसासऱ्यांसमोर सुनेनं बोलायची रीत नव्हती. मी पदर डोक्यावर ओढला आणि पुढं झाले. "वन्सं," मी म्हणाले, "जायचं न्हाई ना तुमाला?"

"जायचं न्हाई ना तुमाला."

आबा चमकले. मी थांबले नाही. "वन्सं, आबांना हिरीत ढकलायचं का?"

"आबांना हिरीत ढकलायचं का," वच्छला शांतपणे म्हणाली.

सगळ्यांत आधी तो बिजवरच हसला. मग हसू विरलं आणि तो उठून उभा राहिला. "न्हाई आबा," तो म्हणाला. "हिचं व्हय कोणतं आन् न्हाई कोणतं, मला कसं समजावं? यांना समजतंय, यांनी जल्म घातला संगं. लेकरांची माय गेल्यापासून घरात कोणी मला धड बोलतच न्हाई. मला बोलणारं माणूस पायजे." त्यानं सासूबाईंना हात जोडले आणि टोपी घातली. आबा त्याच्यामागून निघून गेले, रागानं चहा तसाच ठेवून. पुढं बरीच वर्षं ते आमच्या घरी आले नाहीत.

अलीकडं नातीच्या शाळेत एक डॉक्टरीणबाई बोलायला आल्या होत्या. त्यांनी 'स्वमग्न' असा शब्द सांगितला, लक्षणं सांगितली. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. एकेक लक्षण म्हणजे वच्छलाच. त्या म्हणाल्या, अशा मुलांना आधी सांगावं, बोलण्यापेक्षा दाखवावं, जागा ठरवून द्यावी. आजूबाजूच्या आया लिहून घेत होत्या. मला उठून सांगावंसं वाटलं की हे सगळं करायला एक माणूस लागतो, आणि तो माणूस दमतो. पण त्या तरुण आयांना ते लवकरच कळणार होतं.

वच्छला पुढं कितीतरी हंगाम मोंढ्यात बसली. दर हंगामाला पुन्हा पहिल्यापासून. कधी मुकादम बदलली, कधी गोदाम, कधी ड्रमला मोटर लागली. हमीदाआपा लेकीकडं नांदेडला गेल्या ते वर्ष सगळ्यांत वाईट. नव्या बाईला सगळं समजावून सांगेपर्यंत वच्छला घरी बसली आणि स्वतःची बोटं चावत राहिली. नोकरी तिला एकदा लागली नाही, अनेकदा लागली. मीही पुढं बालवाडीत लागले, तरी हळदीच्या दिवसांत सकाळी आधी मोंढा आणि मग बालवाडी.

पण वास आला की मला जास्त आठवतात ते पहिल्या हंगामाच्या शेवटचे दिवस. हळद संपली. गोदामाला कुलूप लागलं. मी वच्छलाला सांगितलं, आता काम न्हाई. ती म्हणाली, "आता काम न्हाई," आणि सकाळी भाकरी बांधून दारात उभी. तिला एकटीला सोडायची भीती, म्हणून मी सोबत. ती त्या बंद दारापुढं बसायची आणि मी तिच्याजवळ. मोंढ्यात शुकशुकाट, वैशाखाचं ऊन, जमिनीवर उरलेली पिवळी धूळ. काही दिवस असेच गेले.

एके दिवशी दाराला टेकून बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली तर वच्छला नव्हती. मी रस्त्यावर धावले. मोंढ्याच्या विहिरीत डोकावले. हॉटेलवाल्याला विचारलं, गाडीवाल्यांना विचारलं. मागच्या गल्लीत एका दुकानाच्या पडवीत काही बाया बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्यापासून जरा लांब, भिंतीला पाठ लावून, वच्छला. पुढ्यात शेंगांचा ढीग, एका बाजूला दाणे, एका बाजूला टरफलं.

"तुमची का ही?" एक म्हातारी बाई म्हणाली. "आली आन् बसली. काहून बसली म्हणलं तर तीबी काहून बसली म्हणती. पण काम करून राहिली बगा."

आतून मुनीम म्हणाला, "करू द्या. दाणे फोडत न्हाई, साफ काढती. सांजच्याला हिशेबानं देऊ."

मी सवयीनं पदर खोचला आणि तिच्याशेजारी खाली बसायला लागले. वच्छलानं मान वर केली नाही. शेंग फोडत म्हणाली, "घरी."

हा शब्द तिथं कोणी उच्चारला नव्हता. मी नाही, म्हातारीनं नाही, मुनीमानंही नाही.

"घरी जाऊ?" मी विचारलं.

तिनं माझे शब्द परत केले नाहीत. ती पुढची शेंग फोडत होती. घरी मलाच जायचं होतं.

हिला पाणी द्या आन् मोठा आवाज व्हायच्या आधी सांगा, असं मी म्हातारीला सांगितलं, संध्याकाळी येते म्हणाले, आणि निघाले. जवळच्या वाटेनं निघाले. एवढ्या लवकर घर येतं, हे मी विसरूनच गेले होते. सासूबाई पोरीला मांडीवर घेऊन दारात बसल्या होत्या. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली.

"येकटीच आलीस? वच्छी कुठं हाय?"

"कामावर हाय," मी म्हणाले. पोरीला कुशीत घेतलं आणि तिथंच उंबऱ्याच्या आत, भर दुपारी, आडवी झाले.